‘कियांश’ या नावाचा अर्थ आणि उगम काय? रविवारी बारसे आहे

उत्तरेश्वरची आत्या

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला मुलगा झाला आहे. बाळाचे वजन जन्मताना फक्त दोन किलो शंभर ग्रॅम असल्यामुळे मायलेकरांचा दवाखान्यातला मुक्काम लांबला आणि बाराव्या दिवशीचे बारसे आता येत्या रविवारी, सव्वा महिन्यानंतर होत आहे. पाळण्यापाशी बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान आत्याचा. ज्या शब्दाचा अर्थ मला स्वतःला ठाऊक नाही, तो बाळाच्या कानात सांगायचा हे मनाला पटेना, म्हणून येथे विचारत आहे.

गुरुजींनी पत्रिका मांडून मृग नक्षत्राचा चौथा चरण, मिथुन रास आणि ‘की’ हे अक्षर सांगितले. वडिलांनी किसन, किरण, कीर्तिकुमार अशी नावे सुचवली. त्यांवर वहिनी नुसती हसली. मग भाऊ आणि वहिनी दोघांनी तीन रात्री मोबाईलवरच्या याद्या चाळून ‘कियांश’ हे नाव पक्के केले. एका यादीत त्याचा अर्थ ‘ज्याच्या अंगी सर्व गुण आहेत असा’, दुसरीत ‘श्रीकृष्णाचा अंश’ आणि तिसरीत ‘ईश्वराची कृपा’ असा दिला आहे. अर्थ तीन असले तरी मूळ भाषा मात्र तिन्ही ठिकाणी संस्कृतच लिहिलेली आहे. माझे वडील साखर कारखान्याच्या हिशेब विभागात आयुष्य काढलेले गृहस्थ आहेत. त्यांनी एवढेच विचारले, की ‘किया’ म्हणजे काय आणि तो अंश नक्की कोणाचा? त्यावर घरात कोणालाच उत्तर देता आले नाही.

नाव बदलावे असा माझा अजिबात आग्रह नाही, कारण मूल त्यांचे आहे. परंतु पाळण्यामागे लावायच्या फ्लेक्सवर नाव आणि त्याखाली अर्थ छापायचे ठरले आहे, आणि गुजरीतल्या सराफाकडे चांदीच्या वाटीवर नाव कोरायलाही टाकायचे आहे. वाटीवर फक्त नाव असेल, म्हणून तिची मला काळजी नाही. फ्लेक्सवर मात्र चारचौघांसमोर चुकीचा अर्थ लागू नये असे वाटते. हा शब्द खरोखर संस्कृत आहे का, नसल्यास तो आला कोठून, आणि त्यातल्या अनुस्वाराचा उच्चार कसा करायचा, हे कोणी जाणकाराने सांगितल्यास आभारी राहीन.

जुना संस्कृत मास्तर

ताई, आधी उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. ‘कियांश’ हा संस्कृत शब्द नाही. वामन शिवराम आपटे यांच्या १८९० सालच्या संस्कृत-इंग्रजी कोशात तो नाही आणि इंग्रज पंडित मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत कोशातही नाही. (आपटे यांचे शालेय शिक्षण आपल्या कोल्हापुरात, राजाराम हायस्कुलात झाले, त्यामुळे त्यांचा कोश कपाटातून काढताना मला अजूनही गाववाल्याशी बोलतो आहोत असे वाटते. विषयांतराबद्दल क्षमस्व.)

यातला ‘अंश’ खरा आहे आणि तो चांगला प्रतिष्ठित शब्द आहे. अंश म्हणजे वाटा, हिस्सा. ऋग्वेदात आदित्यांची नावे येतात तेथे मित्र, अर्यमा, भग, वरुण आणि दक्ष यांच्या जोडीला अंश हेही एका आदित्याचे नाव आहे, म्हणजे नुसते ‘अंश’ असे नाव ठेवले असते तरी त्याला वेदाचा आधार मिळाला असता. गीतेच्या पंधराव्या अध्यायातले ‘ममैवांशो जीवलोके जीवभूतः सनातनः’ हे वचन आपणांस पाठ असेलच. प्रत्येक जीव हा माझाच सनातन अंश आहे, असे भगवंत तेथे सांगतात. आपल्या वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाचे, म्हणजे ‘अंश कोणाचा’ याचे, उत्तर तेथे मिळते.

अडचण पहिल्या अर्ध्या भागाची आहे. ‘किया’ असा शब्द संस्कृतात नाही. त्याच्या जवळ जाणारा एकच शब्द मला दिसतो, तो म्हणजे ‘कियत्’, आणि त्याचा अर्थ ‘किती’ किंवा ‘केवढा’. त्याचे पुल्लिंगी प्रथमेचे एकवचन ‘कियान्’ असे होते. परंतु ‘कियत्’ आणि ‘अंश’ यांचा समास केला तर तो ‘कियदंश’ होईल, ‘कियांश’ होणार नाही. गंमत अशी की ‘कियान्’ या रूपापुढे ‘च’ आला, तर पाणिनीच्या ‘नश्छव्यप्रशान्’ या सूत्राने न् च्या जागी अनुस्वार आणि श् येऊन ‘कियांश्च’ असे रूप सिद्ध होते, आणि त्याचा अर्थ ‘आणि केवढा?’ असा आहे. संस्कृत वाक्यात ‘कियांश’ ही अक्षरे एवढ्या क्रमाने भेटतील ती बहुधा येथेच. आपल्या भावाने हे सूत्र पाहून नाव ठेवले असण्याची शक्यता नाही, हे मी मान्य करतो.

मग हे नाव बनले कसे? माझे मत असे आहे की ते कानाने बनवले आहे. शिव आणि अंश मिळून शिवांश, देव आणि अंश मिळून देवांश, दिव्य आणि अंश मिळून दिव्यांश, ही नावे सवर्णदीर्घ संधीने, म्हणजे अ आणि अ मिळून आ होऊन, नियमाप्रमाणे होतात. अशी पाच-सात नावे वर्गात एका वेळी असली की कान त्यातला शेवटचा ‘यांश’ उचलतो, आणि मग त्याच्या मागे जे अक्षर पत्रिकेत निघाले असेल ते जोडले जाते. ‘री’ निघाले तर रियांश, ‘की’ निघाले तर कियांश, आणि कृत्तिकेचा ‘अ’ निघाला तर अयांश. शब्द असा आधी तयार होतो आणि याद्या करणारे त्याला मागाहून अर्थ चिकटवतात, कारण अर्थाचा रकाना रिकामा असलेले नाव पालक निवडत नाहीत. तीन याद्यांत तीन अर्थ दिसले ते याच कारणाने. जो शब्द भाषेत वापरून रुळलेला असतो त्याचे अर्थ एकमेकांपासून फुटले तरी त्यांत नाते राहते. सर्व गुण, श्रीकृष्ण आणि कृपा यांत मला काही नाते दिसत नाही.

आणखी एक शक्यता सांगून ठेवतो. ‘कियान’ हे नाव अलीकडे बरेच ऐकू येते आणि ते फारसी आहे. इराणच्या प्राचीन कथांमध्ये कय कुबाद, कय काउस, कय खुसरो असे राजे येतात. त्या ‘कय’चे अनेकवचन म्हणजे कयान किंवा कियान, अर्थात राजे, राजघराणे. पारशी मंडळींतले कैखुसरू आणि कैकोबाद ही नावे त्याच घराण्यातली. हा ‘कय’ अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातल्या ज्या शब्दापासून आला तो आपल्या ‘कवि’ या शब्दाचा सख्खा भाऊ आहे. ‘कियान’ला ‘अंश’ची शेपटी जोडून ‘कियांश’ झाले असेल तर त्यात राजाही आहे आणि दूरच्या नात्याने कवीही आहे. मात्र हा तर्क आहे, फ्लेक्सवर छापण्याजोगी व्युत्पत्ती नव्हे.

उच्चाराचे सोपे आहे. श, ष, स आणि ह यांच्यापूर्वी आलेला अनुस्वार मराठीत नाकातल्या ‘व’सारखा उच्चारला जातो, सिंह आपण ‘सिंव्ह’ म्हणतो आणि अंश ‘अंव्श’ म्हणतो. त्याप्रमाणे ‘कियांव्श’ असा उच्चार होईल. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘एन’ लिहावा लागत असल्यामुळे शाळेत ‘कियान्श’ ऐकू येईल, त्याला इलाज नाही.

चौकातला चहावाला

मास्तरांच्या उत्तरात भर घालण्याची माझी पात्रता नाही, तरीही राहवत नाही. ‘किया’ या नावाची एक कोरियन मोटार कंपनी आहे आणि त्या नावाचा अर्थ मात्र ठरलेला आहे: ‘की’ म्हणजे उदय पावणे आणि ‘आ’ म्हणजे आशिया, मिळून आशियातून उदयास आलेली. हिंदीत ‘किया’ म्हणजे ‘केले’ हे आपणां सर्वांना माहीत आहेच. आता बारशाला आलेल्या पाहुण्यांपैकी निम्म्यांना गाडी आठवणार आणि उरलेल्यांना हिंदी, एवढी मनाची तयारी ठेवावी.

शिरोळचा ऊसवाला

मास्तरसाहेबांनी ‘अंश’वाल्या नावांची मालिका दिली आहे, तिच्यात आमच्या समाजातले एक नाव चुकून ढकलले जाते म्हणून लिहितो. आम्हा जैनांत ‘श्रेयांस’ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या आहे. माझ्या आजोबांच्या भावाचे होते, माझ्या पुतण्याचे आहे. अकरावे तीर्थंकर श्रेयांसनाथ. शिवाय भगवान ऋषभदेवांना दीर्घ उपवासानंतर उसाच्या रसाचा पहिला आहार देणारा हस्तिनापूरचा राजपुत्रही श्रेयांसच होता, आणि ते पारणे ज्या दिवशी झाले ती अक्षय्य तृतीया. आमच्याकडे त्या दिवशी रसाचे महत्त्व असते. ऊस पिकवणाऱ्या माणसाला ही कथा जवळची वाटणारच.

पुतण्याला शाळेत घालताना दाखल्यावर एका लेखनिकाने ‘श्रेयांश’ लिहिले. आम्ही दुरुस्ती मागितली तर उत्तर मिळाले, की ‘स’ लिहिणे ही तुमचीच चूक असेल, कारण ‘श्रेयांश’ म्हणजे श्रेयाचा अंश, हे सरळ आहे. दुरुस्तीसाठी चार खेपा झाल्या. त्या नावात अंशाचा काडीमात्र संबंध नाही असे आमच्या पंडितजींनी सांगितले होते. ते कसे, हे मास्तरसाहेबांनी समजावले तर बरे होईल.

जुना संस्कृत मास्तर

आपल्या पंडितजींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. ‘श्रेयस्’ म्हणजे अधिक चांगला, अधिक कल्याणकारक. त्याचे पुल्लिंगी रूप चालवताना प्रथमेत श्रेयान्, श्रेयांसौ, श्रेयांसः असे होते, आणि त्या ‘श्रेयांस’मधला ‘स’ मूळ शब्दाच्या अंगचा आहे. तेथे श लिहिणे म्हणजे शब्दाचा पाय कापून लाकडाचा बसवण्यासारखे आहे. असेच दुसरे एक उदाहरण देतो. हिमांशु, सुधांशु आणि शीतांशु ही चंद्राची नावे आहेत आणि त्यांत ‘अंशु’ म्हणजे किरण आहे. त्यांचा उकार गाळून ‘हिमांश’ केले की चंद्र जातो आणि बर्फाचा तुकडा उरतो. ‘प्रियांशु’चा ‘प्रियांश’ झाला तेव्हा असेच झाले आणि पुढची ‘यांश’ कुळी बहुधा तेथूनच वाढली.

मंगळवार पेठेतला पैलवान

मास्तरांबद्दल पूर्ण आदर ठेवून मी थोडे वेगळे म्हणतो. नावाला कोशाचा दाखला असलाच पाहिजे, हा आग्रह आपल्या भागातल्या साध्या घरांनी कधी धरला नव्हता. माझ्या पणजोबांचे नाव केरबा होते. त्यांच्याआधीची तीन भावंडे पाळण्यातच गेली होती, म्हणून हा मुलगा झाल्यावर त्याच्या आजीने त्याला दारातल्या केराच्या ढिगावर ठेवले, शेजारणीने तो उचलून आत आणून दिला, आणि केरात सापडलेल्या पोराला यम कशाला नेईल या हिशेबाने नाव केरबा पडले. ते एक्क्याऐंशी वर्षे जगले. दगडू, धोंडू ही नावे अशाच कारणाने पडत. जोतिबाच्या डोंगराला नवस बोलून झालेला मुलगा जोतिराम किंवा केदार होई आणि नरसोबाच्या वाडीचा नवस असला तर दत्तू. संस्कृतच्या सूत्रात बसते की नाही, असे नाव ठेवताना कोणी विचारत नव्हते.

आणि नाव बदलल्याने माणूस बदलत नाही, हेही कोल्हापूरला सांगायची गरज नाही. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव १८८४ साली दत्तक आले आणि शाहू झाले. आज यशवंतराव हे नाव किती जणांच्या ओठावर असते? साहेबांच्या देशातही नावे जुळवून केलेली आहेत. जोनाथन स्विफ्ट या लेखकाने अठराव्या शतकात आपल्या ओळखीच्या एस्थर व्हॅनहॉम्री या बाईंच्या आडनावाचा पहिला तुकडा आणि एस्थरच्या लाडक्या नावाचा तुकडा जोडून ‘व्हॅनेसा’ हे नाव तयार केले, आणि आज जगभर व्हॅनेसा आहेत. त्यांपैकी कोणाला आपण बनावट म्हणत नाही. कियांशही रुळेल. शिवाय आमच्या तालमीत आला की दुसऱ्या दिवशी त्याचा ‘किश्या’ होईल आणि मोठा झाला की ‘किशादा’, मग अनुस्वार व्ह म्हणायचा की न म्हणायचा हा प्रश्नच उरणार नाही.

जुना संस्कृत मास्तर

पैलवान, आपले म्हणणे मला बरेचसे मान्य आहे, पण आपणच दिलेले उदाहरण माझ्या बाजूचे आहे. केरबा या नावाचा अर्थ त्या घरात लहानथोर सर्वांना ठाऊक होता आणि तो खरा होता. पोर केरावर ठेवले होते म्हणून ते केरबा. व्हॅनेसाचाही दाखला आहे, ते नाव कोणी आणि कशापासून जुळवले हे आपण सांगू शकलात. माझी तक्रार नाव नवे आहे ही नाही. नव्या नावाला जुना खोटा दाखला जोडतात, ही आहे. एखाद्याने ‘हे नाव आम्ही जुळवले, कानाला गोड वाटले’ असे म्हटले तर मी पहिला घुगऱ्या खायला येईन. परंतु ‘संस्कृतात याचा अर्थ सर्वगुणसंपन्न असा आहे’ असे छापले की उद्या तोच मुलगा आठवीत संस्कृत घेईल आणि आपल्याच नावाचा विग्रह त्याला करता येणार नाही. माझ्या वर्गात एक आरव होता. त्याच्या आईवडिलांनी ‘शांत’ हा अर्थ वाचून नाव ठेवले होते. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, आरडाओरडा. मुलगा अर्थाला जागला होता, हे सांगायला हवे.

नोंदणीतला एक

अर्थाबद्दल मी बोलत नाही, कागदांबद्दल सांगतो, कारण ताईंना रविवारची घाई वाटते आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण ती नावाशिवाय करता येते. नोंद झाल्यापासून १२ महिन्यांत नाव कळवल्यास ते विनाशुल्क चढवले जाते आणि त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत चढवता येते. त्यामुळे बारशाच्या धामधुमीत घाईने कागद भरू नयेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या बहुतेक कामांना जन्म प्रमाणपत्रच आधार धरले जाते, म्हणून एकदा चढलेले अक्षर सुधारणे पूर्वीपेक्षा जड आहे. अर्जावर मराठी आणि इंग्रजी दोन्ही नावे स्वतःच्या हाताने, सुटी अक्षरे काढून लिहावीत. ‘श’ पोटफोड्या होऊन येणार नाही आणि इंग्रजीत ‘वाय’ आहे की नाही, हे प्रमाणपत्र हातात घेण्यापूर्वी खिडकीपाशीच तपासावे. शिरोळच्या काकांच्या चार खेपा आपल्या वाट्याला येऊ नयेत.

उत्तरेश्वरची आत्या

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री जेवणानंतर मी सगळी उत्तरे घरात मोठ्याने वाचून दाखवली. गाडीच्या मुद्द्यावर भाऊ थोडा हिरमुसला, कारण त्याच्या मित्रांनी तोच विनोद आधी केला होता. वहिनी मात्र शांतपणे म्हणाली, की तिला नावाचा आवाज आवडला होता आणि अर्थ तिने मागाहून वाचला होता. मास्तरांनी जे ओळखले ते असे तंतोतंत निघाले. नाव तेच राहणार आहे.

फ्लेक्सवरची ‘सर्वगुणसंपन्न’ ही ओळ काढून तेथे गीतेतला ‘ममैवांशो जीवलोके’ हा चरण घालायचे ठरले आणि तो ‘किया’चा अर्थ म्हणून नव्हे, तर अंशापुरता आहे, हे विचारणाऱ्याला मी स्वतः सांगणार आहे. दुकानदाराकडे मजकूर आज सकाळी पाठवला. त्याने पहिल्याच नमुन्यात ‘ममैवाशो’ असे छापून अनुस्वार गिळला होता, तो परत पाठवला आहे.

वडिलांना मास्तरांच्या उत्तरातले ‘कियान्’ सर्वांत आवडले. ‘केवढा?’ हाच प्रश्न दवाखान्यात पहिल्या दिवशी काचेपलीकडे उभे राहून त्यांनी परिचारिकेला विचारला होता, आणि तिने दोन्ही तळवे एकमेकांपासून जेमतेम वीतभर लांब धरून दाखवले होते. आता ते येणाऱ्याजाणाऱ्याला तसेच तळवे धरून दाखवतात आणि मग आजचे वजन, तीन किलो चारशे, सांगतात.

जन्मनोंदीत नाव चढवण्याचा अर्ज मी कपाटात ठेवला आहे. तो रविवारनंतर, सुटी अक्षरे काढून, भाऊ स्वतः भरणार आहे.